आधी केमो की आधी ऑपरेशन? स्तनाच्या कर्करोगात क्रम आणि तारखा कशा ठरतात

आमच्या मोठ्या वहिनींच्या उजव्या स्तनात गाठ लागली ती नवरात्राच्या आदल्या आठवड्यात, आणि चार दिवसांत ती काढलीही गेली. "गाठ हाय न्हवं, मग काढून टाका की एकदाची," असे भाऊ म्हणाला, जवळच्या एका छोट्या दवाखान्यानेही तेच सुचवले, आणि सुईची तपासणी न करताच तीन सेंटिमीटरची गाठ कापून बाहेर आली. ती प्लास्टिकच्या बरणीत घालून माझ्या हातात दिली गेली. शनिवारची संध्याकाळ होती, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली लॅब बंद झाली होती, म्हणून ती बरणी सोमवार सकाळपर्यंत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. बरणीत फॉर्मॅलिन नसून साधे सलाईन होते, हे लॅबमध्ये झाकण उघडल्यावर कळले. कर्करोग आहे एवढे त्या तुकड्यातून समजले, पण तो कोणत्या प्रकारचा आहे हे भरवशाने सांगता येईना. दुसरे ऑपरेशन झाले, त्यात निघालेल्या उरलेल्या भागावर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तो ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या दोन्ही आणि हर-टू प्रथिनाची, अशा तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) ठरला, म्हणजे या आकाराची गाठ असताना ज्यात बहुधा आधी केमो देतात तो प्रकार. पहिल्या ऑपरेशनपासून पहिल्या केमोपर्यंत अकरा आठवडे गेले.

मी डॉक्टर नाही. त्यानंतर मात्र नात्यातल्या आणि गल्लीतल्या अनेक जणींबरोबर मी दवाखान्यात गेले, फायली सांभाळल्या, डॉक्टरांना प्रश्न विचारले, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट पटत गेली: उपचारांचा क्रम पहिल्या चिरेआधी ठरला पाहिजे, आणि तो गाठीच्या प्रकारावरून ठरला पाहिजे, घरातल्या घाबरगुंडीवरून नव्हे. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. औषधे आणि अंतिम निर्णय अर्थातच तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचे.

पहिली पायरी: कापण्याआधी सुई

गाठ संशयास्पद वाटली की दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, काखेची सोनोग्राफी, आणि मग जाड सुईची बायोप्सी, जिला दवाखान्यात ट्रू-कट म्हणतात, असा क्रम असतो. बारीक सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, स्वस्त आणि झटपट होते, पण तिच्यात सुट्या पेशी येतात. रोग आजूबाजूच्या ऊतीत घुसला आहे का आणि कोणत्या औषधाला दाद देईल, हे सांगायला मांसाचा अखंड धागा लागतो, आणि तो ट्रू-कटमध्येच मिळतो. काखेत संशयास्पद रसग्रंथी दिसली तर तिथे मात्र बारीक सुईचीही मदत होते.

सुई मारल्याने कर्करोग पसरतो, ही भीती आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की शिकलेली माणसेही ती दबक्या आवाजात बोलून दाखवतात. ट्रू-कट बायोप्सीमुळे आयुष्य कमी होते असे दिसून आलेले नाही. उलट ती न केल्याने काय होते, हे मी वर सांगितले आहे.

तुकडा निघाल्यावर तो तासाभराच्या आत दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात किमान सहा व जास्तीत जास्त बहात्तर तास राहिला पाहिजे, तरच रिसेप्टरची, म्हणजे पेशींवरच्या हार्मोन आणि हर-टूच्या खुणांची, तपासणी विश्वासार्ह होते. "तुकडा कशात घातला आणि किती वाजता घातला?" असा प्रश्न नातेवाइकाने नम्रपणे पण जरूर विचारावा. बरणी आपल्याच हातात दिली जात असेल तर तो नक्कीच विचारावा.

रिपोर्टात चार गोष्टी पाहायच्या असतात: इआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७. पहिल्या दोन हार्मोनच्या, तिसरी हर-टू या प्रथिनाची, चौथी पेशी किती वेगाने वाढत आहेत त्याची. हर-टू समोर "टू प्लस" लिहिले असेल तर उत्तर अर्धवट आहे असे समजावे. फिश नावाची आणखी एक तपासणी लागते आणि तिला आणखी काही दिवस जातात. हे दिवस वाया जात नाहीत, पण त्यापलीकडे विनाकारण उशीरही नको. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यास एकत्र केलेल्या मोठ्या विश्लेषणात असे दिसले की शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूची जोखीम साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढते. हे प्रमाण आधीच्या जोखमीच्या तुलनेतले आहे. यातून मी इतकाच अर्थ घेते की पूर्ण तपासणीसाठी दोन आठवडे थांबणे योग्य आहे, आणि "दिवाळी होऊ दे, ऊस जाऊ दे" म्हणून दोन महिने थांबणे घातक आहे.

दुसरी पायरी: रोग कुठवर गेला आहे

गाठ लहान असेल, काख मोकळी असेल आणि दुसरा काही त्रास नसेल तर पेट स्कॅनची बहुधा गरज नसते. गाठ मोठी, त्वचेला वा छातीच्या भिंतीला चिकटलेली, किंवा काखेतल्या ग्रंथी मोठ्या असतील तर मात्र सर्वांगाची तपासणी व्हावी, कारण रोग हाडात, यकृतात किंवा फुफ्फुसात पोहोचला असेल तर उपचारांची दिशाच बदलते. अशा वेळी घरचे लोक हमखास म्हणतात की मूळ गाठ तरी काढा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: शरीरात पसरलेल्या रोगात औषधांना प्रतिसाद मिळाल्यावर स्तनाचे ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढले नाही. जखम, दुखणे किंवा रक्तस्राव यांसाठी ते करावे लागू शकते, तो भाग वेगळा.

तिसरी पायरी: क्रम ठरवणे

केमो ऑपरेशनआधी दिली काय किंवा नंतर दिली काय, एकूण आयुष्यमानात फरक पडत नाही, हे १९८८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एनएसएबीपी बी-१८ या चाचणीत दीड हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये दिसले. त्यामुळे आधी केमो सांगितली म्हणजे रोग हाताबाहेर गेला, किंवा डॉक्टर वेळ काढत आहेत, असा अर्थ मुळीच नाही. मग आधी देण्याचा फायदा काय?

पहिला फायदा डोळ्यांना दिसणारा आहे. गाठ लहान होते, आणि जिथे पूर्ण स्तन काढावा लागला असता तिथे कधी कधी फक्त गाठ काढून भागते. काखेतले ऑपरेशनही मर्यादित करता येऊ शकते. दुसरा फायदा माझ्या मते याहून मोठा आहे. गाठ जागेवर असताना औषध दिले की ते चालते आहे का, हे कळते. केमोनंतर काढलेल्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली एकही आक्रमक पेशी उरली नाही तर पुढची वाट आश्वासक असते. काही उरल्या तर औषध बदलून उरलेली जोखीम कमी करता येते. ट्रिपल निगेटिव्हमध्ये अशा वेळी कॅपेसिटाबिन गोळ्यांनी फायदा होतो, हे २०१७ मध्ये जपान आणि दक्षिण कोरियातील चाचणीने दाखवले. हर-टू पॉझिटिव्हमध्ये टी-डीएम-१ या औषधाने रोग परतण्याची जोखीम जवळजवळ निम्म्यावर आली, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ आधीच काढून टाकली की ही खूणच नाहीशी होते. वहिनींच्या बाबतीत त्यांचे औषध गाठीवर चालत होते की नाही, हे आम्हाला कधीच कळू शकले नाही.

आता कोणाला काय. स्तन लाल, गरम, संत्र्याच्या सालीसारखा झालेला असेल, म्हणजे दाहक प्रकारचा कर्करोग असेल, किंवा गाठ त्वचा वा छातीच्या भिंतीत घुसली असेल, किंवा काखेतल्या ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर केमो आधी. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत रोग असेल, तर साधारणपणे केमो आधी, आणि हर-टूमध्ये तिच्यासोबत हर-टूवर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध. एक ते दोन सेंटिमीटरच्या मधल्या पट्ट्यात तज्ज्ञांमध्ये प्रामाणिक मतभेद असू शकतात. तिथे दुसरे मत घेण्यात काहीच गैर नाही.

लहान आणि हार्मोन पॉझिटिव्ह गाठींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यावर केमोचा परिणाम तुलनेने कमी होतो आणि कित्येकींना केमोची गरजच नसते, म्हणून तिथे आधी ऑपरेशन, मग काढलेल्या गाठीचा पूर्ण रिपोर्ट, गरज वाटल्यास जनुकीय तपासणी, आणि त्यानंतर केमोचा निर्णय, हा क्रम शहाणपणाचा. पाळी गेलेल्या वयस्कर स्त्रीची हार्मोन पॉझिटिव्ह गाठ मोठी असेल तर केमोऐवजी लेट्रोझोलसारखी हार्मोनविरोधी गोळी काही महिने देऊनही ती लहान करता येते.

हा निर्णय एकट्या सर्जनने किंवा एकट्या केमोच्या डॉक्टरांनी घेऊ नये. सर्जन, केमोचे तज्ज्ञ आणि रेडिएशनचे तज्ज्ञ यांनी एकत्र फाईल पाहिली आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. सगळे एका छताखाली नसतील, एक जण शाहूपुरीत आणि दुसरे मिरजेत बसत असतील, तर निदान तिघांचे लेखी मत एका कागदावर आणावे. माझा अनुभव असा की आग्रह धरला तर डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलतात.

चौथी पायरी: पहिल्या केमोआधीची कामे

यातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे काम म्हणजे क्लिप. केमोने गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनने नेमकी कोणती जागा काढायची? म्हणून केमोआधी, निदान पहिल्या एकदोन डोसांच्या आत, सोनोग्राफीखाली गाठीच्या मध्यभागी काही मिलिमीटरची धातूची खूण ठेवतात. काखेत रोग सिद्ध झाला असेल तर त्या ग्रंथीतही ठेवता येते. २०१८ साली दहा चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात पंधरा वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण आधी केमो घेतलेल्यांत २१.४ टक्के आणि नंतर घेतलेल्यांत १५.९ टक्के होते, जरी मृत्यूच्या प्रमाणात फरक नव्हता. त्या चाचण्या जुन्या काळातल्या होत्या आणि त्यांत काही जणींचे ऑपरेशनच टाळले गेले होते, तरी धडा स्पष्ट आहे: जागेची खूण हवी आणि गाठ हाताला लागेनाशी झाली तरी ऑपरेशन व्हायलाच हवे. "आता गाठच नाही, मग कशाला कापायचे?" हा प्रश्न मी राधानगरीच्या एका काकूंच्या तोंडून ऐकला आहे. सोनोग्राफीत काही दिसले नाही तरी पेशी उरलेल्या असू शकतात, आणि ते कळण्याचा मार्ग ऑपरेशनच आहे.

याशिवाय हृदयाची टू-डी इको, कारण लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब या दोन्ही औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो; कावीळ बी ची तपासणी; किडके दात असतील तर त्यांचा बंदोबस्त; आणि हाताच्या शिरा वाचवण्यासाठी केमो पोर्टविषयी (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवायची छोटी डबी) विचारणा. मूल हवे असणाऱ्या तरुण स्त्रीने हे पहिल्याच दिवशी बोलून दाखवावे. बीजांडे गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि ते केमोआधीच करावे लागते. सासरच्या माणसांसमोर हा विषय काढायला संकोच वाटतो, म्हणून सोबतच्या एखाद्या स्त्रीने डॉक्टरांशी एकांतात बोलण्याची वेळ मागून घ्यावी.

पाचवी पायरी: तारखांचे गणित

एक नेहमीचा आराखडा पाहू. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड यांचे चार डोस दर एकवीस दिवसांनी, मग पॅक्लिटॅक्सेलचे बारा डोस दर आठवड्याला. पहिला डोस ३ जूनला झाला तर पुढचे २४ जून, १५ जुलै आणि ५ ऑगस्ट. पॅक्लिटॅक्सेल २६ ऑगस्टपासून ११ नोव्हेंबरपर्यंत. ऑपरेशन शेवटच्या डोसानंतर तीन ते सहा आठवड्यांनी, म्हणजे २ ते २३ डिसेंबरच्या दरम्यान. आठ आठवड्यांच्या पुढे जाऊ नये. काही ठिकाणी पहिले चार डोस दर चौदा दिवसांनी देतात. तेव्हा पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन सोबत लागते आणि एकूण वेळ चार आठवड्यांनी कमी होतो. हर-टूचा आराखडा वेगळा असतो, आणि ट्रास्टुझुमॅब ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मिळून एक वर्ष चालते.

हे कॅलेंडर मांडताना कोल्हापूरकरांनी पंचगंगेचा विचार करायलाच हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला होता. शिरोळ, करवीर आणि हातकणंगल्यातल्या कित्येक गावांचा शहराशी संबंध तुटला होता. वरच्या आराखड्यातले १५ जुलै आणि ५ ऑगस्ट पुराच्या याच महिन्यांत येतात. नदीकाठच्या गावातली किंवा गगनबावड्यासारख्या घाटाजवळची पेशंट असेल तर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वाढू लागली की डोसाच्या दोनतीन दिवस आधीच शहरात पाहुण्यांकडे यावे, आणि डोसाआधीचा रक्ताचा रिपोर्ट तिथेच करून घ्यावा. पूर आलाच तर डॉक्टरांना फोन करून नवी तारीख लगेच ठरवावी. काही दिवस इकडेतिकडे झाले तर भरून काढता येतात, तीन आठवड्यांचा खंड मात्र टाळावा.

डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. घरात थर्मामीटर हवाच. रात्रीच्या गाडीची सोय कोणाची, हे आधीच ठरवून ठेवावे. चंदगड किंवा आजऱ्याहून शहरापर्यंतचा वेळ लक्षात घेऊन जवळच्या गडहिंग्लजला अँटिबायोटिकची पहिली मात्रा कुठे मिळेल, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

जेवणाबद्दल लोक नको तितके पथ्य सांगतात. प्रथिने हवीतच. मटण किंवा अंडी पचत असतील आणि नीट शिजलेली असतील तर खावीत; तांबडा रस्सा मात्र तोंड आलेले असताना सोसवत नाही, तेव्हा पांढऱ्यावर भागवावे. कच्ची कोशिंबीर, बाहेरचे पाणी आणि उघड्यावरची फळे टाळावीत. कोणताही काढा किंवा भस्म डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, कारण यकृतावर ताण आला की पुढचा डोस लांबतो.

दर दोन डोसांनी डॉक्टरांनी हाताने तपासून गाठीचे माप फाईलमध्ये लिहावे. केमो चालू असताना गाठ वाढते आहे असे वाटले तर "उरलेले डोस संपू देत" म्हणून थांबू नये. सर्जनना त्याच आठवड्यात दाखवावे. औषध बदलायचे की थेट ऑपरेशन करायचे, हे तेव्हाच ठरते.

सहावी पायरी: आधी ऑपरेशन झाले असेल तर

टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटे आधी तिच्याभोवती ०.५ टक्के लिडोकेन टोचल्याने पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. ही चाचणी आधी केमो न घेतलेल्या स्त्रियांमध्ये झाली होती. औषध अगदी स्वस्त आहे, त्यामुळे ऑपरेशनआधी सर्जनना याबद्दल विचारायला हरकत नाही.

ऑपरेशननंतरची केमो जखम भरली की, साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावी. कॅलिफोर्नियातील सुमारे पंचवीस हजार स्त्रियांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये असे दिसले की ऑपरेशननंतर ९१ दिवस किंवा अधिक उशीर झालेल्यांचे जगण्याचे प्रमाण घटले, आणि हा फटका ट्रिपल निगेटिव्हमध्ये सर्वांत मोठा होता. काखेत पाणी साठते, ते बाहेर काढणारी नळी निघायला उशीर होतो, खांदा आखडतो; यातले प्रत्येक कारण केमो थांबवण्याइतके मोठे असतेच असे नाही, म्हणून "अजून थोडे थांबू" हे सर्जनचे मत आहे की घरच्यांचे, हे स्पष्ट करून घ्यावे. हाताचे व्यायाम नळी असतानाच सांगितल्याप्रमाणे सुरू करावेत, कारण पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, घेताना हात डोक्यावर धरून पडून राहावे लागते. शेक केमो संपल्यावर असतो, आणि हार्मोनच्या गोळ्याही केमोसोबत न घेता ती संपल्यावरच सुरू करायच्या असतात.

पैसा, प्रवास आणि फाईल

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो, ऑपरेशन आणि शेक या तिन्हींचा समावेश आहे, पण प्रत्येक टप्प्याला आगाऊ मंजुरी लागते. म्हणून रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्रांना निदानाच्या आठवड्यातच भेटावे, आणि ऑपरेशनच्या मंजुरीचे कागद शेवटच्या केमोच्या आधीच लावावेत. तसे न केल्याने तीन आठवड्यांचे सहा आणि सहाचे नऊ झालेले मी पाहिले आहेत. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या इतर दवाखान्यांत यासाठी स्वतंत्र टेबल असते.

दुसऱ्या मतासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जायचे ठरले तर रिकाम्या हाताने जाऊ नये. बायोप्सीचा मेणाचा ठोकळा, ज्याला लॅबमध्ये ब्लॉक म्हणतात, आणि काचेच्या स्लाइड्स मागून घ्याव्यात. तो ठोकळा पेशंटच्या शरीराचा भाग आहे, अर्ज दिला की लॅब तो पावती घेऊन देते. तो सोबत असला तर पुन्हा सुई मारावी लागत नाही आणि दहा-बारा दिवस वाचतात. परतल्यावर तो लॅबला परत करावा किंवा घरी कोरड्या, थंड जागी, उन्हापासून दूर ठेवावा. आमच्या वहिनींचे दोन ठोकळे, पहिल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनचे, आजही कपाटात एका स्टीलच्या डब्यात आहेत, आणि झाकणावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन्ही तारखा आणि लॅबचे नंबर लिहून ठेवले आहेत.